तासाला नेट उघडण्याआधी प्रश्न ठरवा

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी ते आठवीला भूगोल आणि विज्ञान शिकवते. एक लॅपटॉप, एक प्रोजेक्टर आणि माझ्या मोबाइलचा हॉटस्पॉट, एवढ्यावर आमचं भागतं. नव्याने रुजू झालेले शिक्षक हमखास विचारतात, "बाई, कुठले व्हिडिओ लावता?" माझं सांगणं असतं, व्हिडिओचं नंतर बघू. आधी असा एक प्रश्न ठरवा, की ज्याचं उत्तर नुसतं पुस्तकात वाचून मुलांच्या डोळ्यांपुढे उभं राहत नाही. नेट त्याच्यापुरतं उघडा, आणि मुलांनी स्वतःचा अंदाज वहीत लिहिल्याशिवाय उघडू नका.

लोणारचं घ्या. सरोवर उल्का आदळून झालं हे मुलांना पाठ असतं, पण ते केवढं आहे याची कल्पना नसते. मी फळ्यावर लिहिते: 'विवराची रुंदी आपल्या शाळेपासून कुठपर्यंत येईल?' कुणी बाजारापर्यंत म्हणतं, कुणी थेट तालुक्याच्या गावापर्यंत. सगळे अंदाज वहीत उतरले की एका मुलीला लॅपटॉपवर बसवते. माउस मुलांच्याच हातात हवा, आपल्या नाही. ती गूगल अर्थवर बुलढाणा जिल्ह्यात लोणार शोधते, मोजपट्टी निवडते, विवराच्या एका काठावर क्लिक करून समोरच्या काठापर्यंत रेघ ओढते. आकडा १.८ किलोमीटरच्या आसपास येतो. मग तेवढीच रेघ शाळेच्या फाटकापासून ओढायला सांगायची. ती कुठे जाऊन थांबते हे दिसल्यावर वर्गात गलका होतो. होऊ द्या. त्यानंतर 'विवर गोल का?', 'भोवती काळा बेसाल्टच का?' हे प्रश्न मुलंच विचारतात, आणि तेव्हा मराठी विश्वकोशातली नोंद वाचायला घेतली की ती कंटाळवाणी वाटत नाही.

शोधायचं कसं, हेही लोणारवरच शिकवता येतं. २०२०च्या जूनमध्ये तिथलं पाणी गुलाबी झालं होतं. 'लोणार पाणी गुलाबी कारण' असं टाकलं की बातम्यांची रांग लागते. दोन गटांना दोन बातम्या द्या, एक पहिल्या दिवसांतली आणि एक नंतरची. पहिलीत कुणी शेवाळ म्हणतं, कुणी आणखी काही. नंतरचीत पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासल्याचं आणि खाऱ्या पाण्यात वाढणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव सापडल्याचं येतं. बातमी वाचण्याआधी तारीख बघायची आणि 'हे कुणी तपासलं?' असं विचारायचं, या दोन सवयी एवढ्यात लागतात.

रेंजच्या भरवशावर तास आखू नका. जे दाखवायचं ते आदल्या संध्याकाळी डाउनलोड करून ठेवा. कोलोरॅडो विद्यापीठाची 'फेट' नावाची सिम्युलेशन, म्हणजे पडद्यावर करून बघायचे प्रयोग, यासाठी फार उपयोगी आहेत. ती फुकट आहेत, बरीचशी मराठीत आहेत आणि एकदा उतरवून घेतली की नेटशिवाय चालतात. विद्युत मंडलाच्या सिम्युलेशनमध्ये सेलची दोन्ही टोकं नुसत्या तारेने जोडली की सेलवर ज्वाळा दिसतात. शॉर्ट सर्किट म्हणजे काय, हे खऱ्या सेलवर करून बघू देण्याची माझी तयारी नाही. इथे प्रत्येक गटाला करू देते. मात्र त्याच तासाला खरा सेल, तार आणि टॉर्चचा बल्ब हातात द्यायलाच हवा. पडद्यावर बल्ब लावलेल्या मुलाला खरी तार सोलता येत नाही, आणि ते येणं मला तितकंच महत्त्वाचं वाटतं.

बालभारतीच्या पुस्तकांतले क्यूआर कोड दीक्षा ॲपवर स्कॅन करून मिळणारं साहित्य मी उजळणीला ठेवते. नवा पाठ त्याच्या हवाली करत नाही.

दिवाळीच्या सुट्टीआधीचा एक तास राखून ठेवा. 'नासाने टिपलेली दिवाळीच्या रात्रीची भारताची प्रतिमा' म्हणून एक रंगीबेरंगी नकाशा दरवर्षी पालकांच्या ग्रुपवर फिरतो. तो पडद्यावर लावा आणि विचारा, 'पणत्यांचा उजेड निळा, हिरवा कसा?' मुलांचे तर्क वहीत येऊ द्या. मग गूगल लेन्सवर ती प्रतिमा टाकून मूळ शोधायला सांगा. ती एका रात्रीची नाहीच. अनेक वर्षांची उपग्रहांची निरीक्षणं एकत्र करून अमेरिकेच्या नोआ या संस्थेतल्या शास्त्रज्ञाने ती बनवली: १९९२च्या आधीपासूनचे दिवे पांढरे, १९९२मध्ये नव्याने दिसलेले निळे, १९९८चे हिरवे, २००३चे लाल. म्हणजे तो वाढत्या वस्तीचा नकाशा आहे. हे कळलं की महाराष्ट्रात लाल ठिपके कुठे दाट आहेत ते शोधायला लावा. भूगोलाचा खरा तास तिथून सुरू होतो, आणि त्यासाठी दुसरा तास मागून घ्यावा लागला तरी घ्या.