एसओपीतली पहिली ओळ खोडताना

माझ्या एसओपीच्या (स्टेटमेंट ऑफ पर्पज, म्हणजे परदेशी विद्यापीठाच्या अर्जासोबत द्यायचं निवेदन) पहिल्या मसुद्याची पहिली ओळ होती, ‘लहानपणापासूनच मला पाणी या विषयाची विलक्षण ओढ आहे.’ धादांत खोटं. लहानपणी मला ओढ होती क्रिकेटची. लातुरात वाढलेल्या पोराला पाण्याची ओढ वगैरे नसते, टँकर कधी येणार याचा घोर असतो.

ब्रिटनमध्ये जलव्यवस्थापनात एमएस्सी करायचं ठरवलं, तेव्हा मी आधी सिनियर्सकडून अकरा एसओपी जमवले. निम्म्याहून जास्त जणांची सुरुवात हीच, फक्त विषय बदललेला. कन्सल्टन्सीने दिलेला नमुनाही त्याच साच्यातला. अशा उसनवारीचं काय होतं याचा एक किस्सा आहे. तिकडचे पदवीचे अर्ज ‘युकास’ या संस्थेमार्फत जातात. २००७ मध्ये त्यांनी अर्जांतली निवेदनं एकमेकांशी ताडून पाहिली, तर आठव्या वर्षी केमिस्ट्री सेटशी खेळताना पायजम्याला भोक पडल्याचा प्रसंग तब्बल २३४ जणांच्या आयुष्यात घडलेला निघाला! तेव्हापासून नक्कल शोधणारं सॉफ्टवेअर आहेच. आता एआयकडून अख्खं निवेदन लिहून घेऊन चिकटवलं, तर विद्यापीठ तीही फसवणूक मानू शकतं, असं युकास बजावतं.

दुसऱ्या मसुद्यात मी दुष्काळ ओतला. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून ‘जलदूत’ रेल्वे पहिल्यांदा लातूरला आली. दहा वाघिणी, प्रत्येकीत ५० हजार लिटर पाणी. मी तेव्हा नववीत. पाणी भरायच्या ठिकाणी भांडणं होऊ नयेत म्हणून शहरात जमावबंदी लावलेली. हे सगळं खरं होतं, आणि मी ते रंगवून लिहिलं. कॉलेजातल्या मॅडमनी वाचलं आणि म्हणाल्या, “वाचून वाईट वाटलं रे. पण यात तू काय केलंस? रेल्वेने पाणी आणलं, तू कळशी भरलीस.”

राग आला होता. पण बाईंचं खरं होतं. निवेदन वाचणारे अनेकदा त्याच विषयाचे प्राध्यापक असतात. तुमच्यावर काय गुदरलं एवढ्यावर ते जागा देत नाहीत. त्यातून तुम्हाला कोणता प्रश्न पडला आणि त्याच्या मागे तुम्ही किती लांब गेलात, हे त्यांना बघायचं असतं.

तिसऱ्या मसुद्यात रेल्वेला एकच वाक्य मिळालं. बाकीची जागा विहिरींना. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी आम्ही एका गावातल्या अठरा विहिरींची पाणीपातळी मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजली होती, टेपला वजन बांधून. एकाच शेतात दोनशे फुटांवर दोन विहिरी. मे महिन्यात एकीत पाणी, दुसरी ठणठणीत. आपल्याकडच्या काळ्या पाषाणात पाणी वरच्या मुरमात आणि भेगांत साठतं, त्यामुळे भेग लागली तर विहीर, नाहीतर नुसता खड्डा, हे पुस्तकात वाचलेलं तिथे डोळ्यांनी पाहिलं. आणि एक चूकही लिहिली. एका विहिरीची पातळी दर खेपेला शेजारच्या विहिरींपेक्षा फार खाली यायची. आधी वाटलं, खडकच वेगळा असेल. मग कळलं की त्या भागात शेतीला थ्री फेज, म्हणजे मोटर चालवणारी वीज, रात्रीची, मोटर पहाटेपर्यंत चाललेली, आणि आम्ही सकाळी सातला टेप सोडतोय! विजेची पाळी बदलल्यावर पुन्हा मोजलं, आकडा जागेवर आला. चूक लिहू की नको यावर मी आठवडाभर घोळ घातला. लिहिली ते बरं झालं. ऑनलाइन मुलाखतीत पहिला प्रश्न त्याच्यावरच आला.

आपल्या पोरांची एक अडचण मी स्वतः भोगली. आपली टिमकी आपण वाजवू नये, हे घरात इतकं ठसलेलं असतं की ‘मी केलं’ लिहिताना हात अडखळतो. मग एक तर ‘कृपया संधी द्यावी ही नम्र विनंती’ असला तहसीलचा अर्ज तयार होतो, नाहीतर दुसऱ्या टोकाला ‘मी अत्यंत मेहनती व जिज्ञासू आहे’. दोन्ही सोडा. ‘अठरा विहिरी मोजल्या, एक चुकली, पुन्हा मोजली’ एवढ्यात मेहनत आणि जिज्ञासा दोन्ही येतात, विशेषणं न लावता. एम-थ्री (इंजिनिअरिंगचा गणिताचा तिसरा पेपर) राहिला होता, तोही एका वाक्यात सांगितला. पुढच्या वाक्यात सबबी नव्हत्या. नंतर सांख्यिकीत किती गुण पडले तेवढंच होतं.

विद्यापीठाची आरती ओवाळू नका. आपण जागतिक कीर्तीचे आहोत हे त्यांना माहीत असतं. मी फक्त एवढं लिहिलं की भूजलाच्या मॉडेलिंगचा त्यांचा विषय मला का हवा : माझ्याकडे अठरा आकडे होते, त्यांच्यामधल्या जमिनीत काय चाललंय हे सांगायची रीत नव्हती.

बारावीनंतर ब्रिटनला जाणाऱ्यांसाठी थोडं वेगळं. २०२६ च्या प्रवेशांपासून युकासने सलग निबंध काढून तीन प्रश्न ठेवले आहेत : हा विषय का, शिक्षणाने काय तयारी झाली, आणि शिक्षणाबाहेर काय केलं. मिळून ४,००० अक्षरं, मोकळ्या जागा धरून; प्रत्येक उत्तर किमान ३५० अक्षरांचं. तेच निवेदन अर्जात निवडलेल्या पाचही पर्यायांकडे जातं, म्हणून त्यात एका विद्यापीठाचं नाव घालू नका. अमेरिकेत बर्कलेसारखी विद्यापीठं पदव्युत्तर अर्जात दोन निबंध मागतात, एक अभ्यासाच्या उद्देशाचा आणि एक तुमच्या वाटचालीचा. माझा दुसरा मसुदा तिथे कदाचित कामी आला असता.

माझ्या कोर्सला ५०० शब्दांची मर्यादा होती. शेवटच्या, म्हणजे सातव्या मसुद्यात ‘पॅशन’ हा शब्द एकदाही नव्हता. ‘थ्री फेज’ मात्र होतं, आणि शेतकरी रात्री दोनला मोटर चालू करायला का उठतो, हे इंग्रजीत समजावण्यात त्यातले एकोणतीस शब्द गेले.