नव्या भूवैज्ञानिकांनो, या चुका टाळा: बोअर फेल जाण्याआधीच्या आणि गेल्यानंतरच्याही

पुरंदर तालुक्यातल्या एका शिवारात, ऐन मे महिन्यात, मी आयुष्यातला पहिला बोअरचा पॉइंट दिला. रेझिस्टिव्हिटीचा, म्हणजे जमिनीच्या विद्युतरोधाचा, आलेख खाली छान उतरला होता; रोध कमी म्हणजे पाणी, असं मी धरलं. शेताच्या मालकांनी, काकांनी, विचारलं, "मग मारू का बोअर, ताई?" मी म्हटलं, "मारा, लागेल पाणी." दुसऱ्या दिवशी बोअरची गाडी लागली. सत्तर फुटांवर बोअरमधून उडणारा करडा फुफाटा (खडकाचा भुगा) तांबडा झाला, थोड्या वेळाने पुन्हा करडा, आणि अडीचशे फुटांपर्यंत तो करडाच राहिला. थेंब नाही.

रेझिस्टिव्हिटी कमी आली होती ती लाव्हाच्या दोन थरांमधल्या तांबड्या चिकणमातीमुळे. दख्खनच्या बेसॉल्टमध्ये ही चूक हमखास होते. पाण्याने भरलेला मांजऱ्या (पोकळ्यांचा बेसॉल्ट खडक) आणि कोरडा पण चिकणमातीचा थर, दोन्ही मशीनला जवळपास सारखेच दिसतात. उपाय महागडा नाही. मशीन लावण्याआधी आसपासच्या आठ-दहा विहिरींत डोकावून बघा. कुठल्या थरातून झरा येतो, मुरूम किती फूट, कातळ कुठून सुरू, तांबडा पट्टा किती खोल, मे महिन्यात पाणी किती असतं, हे सगळं विहिरीच्या भिंतीवर आणि मालकाच्या तोंडी असतं. आलेख त्यानंतर वाचायचा. मी उलट केलं होतं.

दुसरी चूक "लागेल" या एका शब्दात होती. समोरच्याला हो किंवा नाही हवं असतं, आणि नवखेपणी आपल्यालाही ठाम दिसायचं असतं. आता मी असं सांगते: "काका, इथे पाणी असू शकतं. पण खाली चिकणमाती असली तरी मशीन असंच दाखवतं. तांबडा फुफाटा आला की थांबा आणि मला फोन करा, पुढे जायचं का ते तेव्हा ठरवू." यात पैसे कुठे थांबवायचे ते शेतकऱ्याला आधीच कळतं. 'शक्यता' हा शब्द लोकांना समजत नाही असं आपण उगाच धरून चालतो. पावसावर पेरणी करणारा माणूस शक्यतेवरच जगतो.

तिसरी चूक सगळ्यांत वाईट. बोअर फेल गेल्याचा फोन आला आणि मी आठ दिवस तिकडे फिरकलेच नाही. गेले तेव्हा काकांनी चहा दिला आणि एवढंच म्हणाले, "गाडी उभी होती तेव्हा आला असता, तर दुसरी जागा तरी बघितली असती." चुकलात तर त्याच दिवशी जा. फुफाट्याचे नमुने दर दहा फुटांना कागदावर मांडून घ्या; पुढचा पॉइंट त्यातूनच सापडतो.

गावात हातावर नारळ ठेवून फिरणारा पाणाड्या भेटेलच. त्याची टिंगल करू नका. नारळाने पाणी कळत नाही, हे विचारलं तर स्वच्छ सांगा. पण त्या माणसाने पंचक्रोशीतल्या कितीतरी विहिरी खणताना पाहिलेल्या असतात, ती आठवण मात्र वहीत उतरवून घ्या.

भूकंप आणि दरडींबद्दल बोलताना याच चुका जिवावर बेततात. कोयना परिसरात 11 डिसेंबर 1967 च्या भूकंपानंतरही लहान धक्के बसत आलेत, त्यामुळे कराड-पाटणकडे "पुढचा कधी?" हे विचारलं जातंच. "काही होणार नाही" हे उत्तर खोटं आहे आणि तारीख सांगणं कुणालाच शक्य नाही. बोलायचं ते घराबद्दल. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीत दगडमातीच्या जाड भिंतींखाली माणसं गेली. डोंगरउताराच्या वाडीत गेलात तर माळीण (30 जुलै 2014) आणि इर्शाळवाडी (19 जुलै 2023) यांची नावं घ्या, पण घाबरवून निघून येऊ नका. उतारावर नवी भेग पडली, झऱ्याचं पाणी अचानक गढूळ झालं, झाडं किंवा खांब कलले, तर रात्रीसुद्धा घर सोडायचं आणि कुणाला कळवायचं, हे त्यांच्याकडून वदवून घ्या.

आता करिअर. यूपीएससीची संयुक्त भूवैज्ञानिक परीक्षा चांगलीच आहे. त्यातून भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि केंद्रीय भूजल मंडळाचे दरवाजे उघडतात. पण पूर्व, मुख्य आणि मुलाखत असे तीन टप्पे असलेल्या या परीक्षेसाठी खोली घेऊन तीन-चार वर्षं हातोडी कोपऱ्यात टाकणं ही चूक मी जवळच्या मित्रांच्या बाबतीत पाहिली आहे. निवड झाली नाही की हातात काहीच उरत नाही. अभ्यासाबरोबर क्यूजीआयएस (नकाशे करायचं मोफत सॉफ्टवेअर) शिका, एखाद्या पाणलोटाच्या कामावर महिन्यातून चार दिवस जा, गेट आणि नेट या परीक्षांचे फॉर्म भरा. गेटचा गुण तीन वर्षं चालतो.

पीएचडीसाठी "आदरणीय सर/मॅडम" असा एकच मेल चाळीस जणांना पाठवलात तर उत्तर येत नाही, आणि त्यात त्या प्राध्यापकांचा दोष नाही. दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत असो की पुण्याच्या आयआयटीएममध्ये (भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत), मेल वाचणाऱ्याला तीन गोष्टी हव्या असतात: त्यांचा कुठला पेपर वाचला, त्यातला कुठला प्रश्न अडला, आणि तुम्हाला स्वतःला काय करता येतं. आठ ओळी पुरतात. दोन आठवड्यांनी एकदा आठवण करा, मग सोडून द्या.

व्हिएन्नाला ईजीयूच्या (युरोपियन जिओसायन्सेस युनियनच्या) परिषदेला जायचं असेल तर प्रवासाच्या मदतीची मुदत आधी बघा. ती गोषवाऱ्याच्या सर्वसाधारण मुदतीपूर्वीच संपते. शेवटची पदवी मिळून सात वर्षं झालेली नसतील तर तिथे तुम्ही नवोदितांतच मोजले जाता, तेव्हा नोकरी लागली म्हणून स्वतःला त्यातून वगळू नका.

आणि एक गोष्ट जी आपण बोलतच नाही. फील्डवर जाणाऱ्या मुली दिवसभर पाणी पीत नाहीत, कारण लघवीला जायची सोय नसते. मीही उन्हात असेच दिवस काढले आणि कुणाला सांगितलं नाही. "फील्ड झेपत नाही" असं कुणी म्हणेल ही भीती होती. गटप्रमुख असाल तर सकाळी निघतानाच शाळा, ग्रामपंचायत किंवा ओळखीचं घर ठरवा आणि ते सगळ्यांसमोर, नेहमीच्या सूचनांबरोबर सांगा. विद्यार्थिनी असाल तर विचारा. एकटीने ट्रॅव्हर्सला (ठरलेल्या वाटेने खडक नोंदवत चालायला) जाऊ नका. वाट आणि परतायची वेळ मागे राहणाऱ्या माणसाला लिहून द्या.

त्या काकांच्या शेतात पुढच्या वर्षी ओढ्याच्या अंगाला, मुरमातच, बत्तीस फुटांची विहीर झाली. ती जागा शेजारच्या तीन विहिरी मोजून काढली होती. मोजमापांचा कागद मराठीत लिहून एक प्रत त्यांच्याकडे ठेवली आहे. आता त्या शिवारात नवा कुणी भूवैज्ञानिक आला की काका आधी तो कागद त्याच्या हातात देतात.