वॉटर कूलिंगचा संगणक तापतो आहे? पाना उचलण्यापूर्वी या चुका टाळा

वॉटर कूलिंग बसवलेला संगणक तापू लागला की बहुतेक जण सर्वांत आधी पाना हाती घेतात, आणि माझा पहिला आक्षेप याच सवयीला आहे. पाणी काढून, ब्लॉक (प्रोसेसरवर टेकलेला, आतून पाणी वाहणारा धातूचा ठोकळा) सोडवून, त्या दोहोंमधली उष्णता वाहून नेणारी जुनी थर्मल पेस्ट पुसून टाकली की बिघाड कोठे होता हे सांगणारा पुरावाच नाहीसा होतो. त्याऐवजी यंत्र आहे तसे जोडलेले ठेवून प्रोसेसरवर पूर्ण भार देणारा एखादा चाचणीचा प्रोग्रॅम चालवावा आणि तापमान किती झाले यापेक्षा ते कसे चढते हे पाहावे. भार देताच दोन-चार सेकंदांत आकडा नव्वदीपार गेला, तर उष्णता पाण्यापर्यंत पोचतच नाही असे समजावे. अशा वेळी ब्लॉक एका बाजूने टेकलेला नसतो, पेस्ट अपुरी असते, किंवा ब्लॉकच्या तळावरचे संरक्षक प्लास्टिक काढायचे राहिलेले असते. याउलट आकडा सुरुवातीला ठीक राहून पंधरा-वीस मिनिटांत सावकाश चढत गेला, तर ब्लॉक आपले काम करतो आहे आणि पाण्यातली उष्णता बाहेरच्या हवेत टाकताना रेडिएटर, म्हणजे पंखे लावलेली धातूची जाळी, कमी पडतो आहे.

हा फरक भरवशाचा का आहे, तेही समजून घेण्यासारखे आहे. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला सुमारे ४,२०० जूल उष्णता लागते. म्हणजे २५० वॉटचा भार असताना रेडिएटरमधून काहीही उष्णता बाहेर गेली नाही, असे धरले तरी तेवढे पाणी मिनिटाला साडेतीन अंशांच्या आसपासच तापेल. त्यामुळे सेकंदांत घेतलेल्या उडीचा दोष रेडिएटरला किंवा पंख्यांना देताच येत नाही. तरीही अशा तक्रारीवर जादा पंखे विकत घेणारे लोक मी सतत पाहतो. तिसरी शक्यता पंपाची असते आणि ती हाताने तपासता येते. ब्लॉकमधून बाहेर येणारी नळी गरम आणि रेडिएटर मात्र गार लागत असेल, तर प्रवाह थांबलेला आहे. प्रवाह नीट असताना येणाऱ्या व जाणाऱ्या नळ्यांच्या तापमानात काही थोड्या अंशांचाच फरक असतो.

मुंबईकरांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. रेडिएटर पाण्याला खोलीतल्या हवेपेक्षा गार करू शकत नाही. मे महिन्यात खोलीत ३३ अंश असताना, भाराखाली पाणी ४५ अंशांवर गेले तर तो बिघाड नव्हे. थंड देशातल्या कोणाच्या व्हिडिओतला आकडा आपल्याकडे का दिसत नाही, म्हणून सगळे उसकटून बसू नये. मी नेहमी खोलीचे आणि पाण्याचे तापमान शेजारी-शेजारी लिहून त्यांतला फरक पाहतो, कारण मे आणि जानेवारीची तुलना तेवढ्यानेच शक्य होते. एएमडी कंपनीच्या रायझन ७००० मालिकेतले कित्येक प्रोसेसर तर जड कामात ९५ अंशांपर्यंत जाऊन तेथेच टिकून राहतील अशा बेताने बनवलेले आहेत, त्यामुळे त्यांच्या बाबतीत नुसत्या नव्वदीपार उडीवरून ब्लॉकला दोष देऊ नये.

दुसरी चूक स्वस्ताईची आहे आणि ती मला अधिक सलते. मुलुंडमधल्या एका ओळखीच्या तरुणाने सुटे भाग एकत्र मिळणारा एक स्वस्त संच मागवला होता. त्यातला ब्लॉक तांब्याचा होता आणि रेडिएटर ॲल्युमिनियमचा. त्याने त्यात घरच्या आरओ यंत्राचे पाणी भरले. पावसाळा सरता-सरता तापमान चढू लागले, तेव्हा त्याने आधी पेस्ट बदलली, मग पंखे बदलले आणि शेवटी नवा पंप आणला. तापमान सावकाश का होईना पण चढतच राहिले. मी ब्लॉक उघडला तेव्हा तांब्याच्या केसासारख्या बारीक खाचा राखाडी गाळाने बुजलेल्या होत्या आणि रेडिएटरच्या तोंडाशी आतून पांढरे फोड आलेले होते. तांबे आणि ॲल्युमिनियम वीजवाहक पाण्यात एकत्र आले की त्यांचा विद्युत घट तयार होतो आणि त्यात ॲल्युमिनियम झिजत जाते. झिजलेला भाग गाळ होऊन सर्वांत अरुंद जागी, म्हणजे ब्लॉकमध्ये, साचतो. आरओचे पाणी प्यायला चांगले असले तरी त्यात क्षार शिल्लक असतातच. कारखान्यात भरून बंद केलेल्या तयार कूलरमध्येही बहुधा हीच धातूंची जोडी असते हे खरे, परंतु त्यांत गंजरोधक द्रव मोजून भरलेला असतो आणि बाहेरची हवा आत जात नाही. म्हणून त्यांचा दाखला देऊन घरच्या जुळणीत ही जोडी वापरू नये. रेडिएटर तांब्या-पितळेचा घ्यावा, आणि लॅमिंग्टन रोडवरच्या, म्हणजे मुंबईतल्या संगणकाच्या बाजारातल्या, दुकानदाराला धातू कोणता हे खात्रीने सांगता येत नसेल तर तो घेऊ नये. नवा रेडिएटर मी डिस्टिल्ड वॉटरने, बाहेर येणारे पाणी नितळ दिसेपर्यंत धुतो आणि नंतरच तयार कूलंट भरतो. शेवाळ व गंज रोखणारी द्रव्ये नसलेले नुसते पाणी, मग ते कितीही शुद्ध असो, मी ठेवत नाही.

नळ्या जोडणाऱ्या फिटिंगला टेफ्लॉन टेप गुंडाळू नये. नळाच्या कामात ती लागते, पण येथील जी १/४ मापाचे आटे समांतर असतात आणि पाणी अडवण्याचे काम ओ-रिंग, म्हणजे रबरी कडे, करते. टेपमुळे ती नीट बसत नाही आणि सुटलेले तुकडे पंपात जातात. फिटिंग हातानेच घट्ट करावे, कारण पान्याने आवळले की ब्लॉकच्या ॲक्रिलिक प्लास्टिकला चीर जाते.

पाणी भरल्याबरोबर संगणक सुरू करणाऱ्यांविषयी मला सहानुभूती वाटत नाही. गळती आहे का हे कळावे म्हणून पहिल्या रात्री फक्त पंप चालवावा. मदरबोर्ड, प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डाला जाणाऱ्या सर्व केबल काढून ठेवाव्यात, एसएमपीएसच्या (संगणकाला वीज पुरवणाऱ्या पेटीच्या) २४ पिनी जोडणीवर, मदरबोर्डाविना ती सुरू करणारे, तयार मिळणारे जंपर प्लग लावावे आणि प्रत्येक सांध्याखाली टिश्यू पेपर अंथरावा. पंप मात्र क्षणभरही कोरडा चालवू नये, कारण त्याच्या बेअरिंगला वंगण म्हणून तेच पाणी लागते.

बर्फ टाकून पाणी गार करण्याचा आडमार्ग मुंबईत तरी कोणी घेऊ नये. जुलैत येथील हवेचा दवबिंदू २५ अंशांच्या आसपास असतो, त्याखाली गेलेल्या प्रत्येक नळीवर दव जमते आणि ते मदरबोर्डवर ठिबकते. साध्या जुळणीत पाणी खोलीपेक्षा गार होत नसल्याने ही भीती नसते.

तयार कूलरमध्ये पंप सर्वांत उंच जागी येईल असे बसवू नये. हवा तेथे साठून गुळगुळ आवाज येतो. पंपाची गती तापमानाबरोबर कमी-जास्त करू नये, ती स्थिर ठेवावी. स्वस्त पारदर्शक पीव्हीसी नळ्यांतून सुटणारा पांढरट थर ब्लॉकमध्ये बसतो, त्याऐवजी काळ्या ईपीडीएम रबराच्या नळ्या घ्याव्यात. शेजारी इमारतीचे बांधकाम चालू असेल, तर रेडिएटरच्या पात्यांमधली धूळ महिन्याला साफ करावी.

गळती झालीच, तर कूलंट वीजवाहक नाही हे बाटलीवरचे वाक्य खरे मानून संगणक चालू ठेवू नये. धातूंच्या संपर्कात राहून आणि बोर्डावरच्या धुळीत मिसळून तेच पाणी वीज वाहू लागते. भिंतीवरचे बटण बंद करून प्लग काढावा, पाणी काढून घ्यावे, बोर्ड सुटा करून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावा आणि पंख्याखाली ठेवावा. पावसाळ्यात मी दोन पूर्ण दिवसांखेरीज त्याला वीज जोडत नाही, आणि त्यानंतरही आधी जोडण्यांच्या खाचा आणि ग्राफिक्स कार्डाखालची जागा टॉर्चने पाहतो.