जिभेखालची गोळी: ब्युप्रेनॉर्फिन मेंदूत काय करतं आणि ते कसं घ्यायचं

गर्द (म्हणजे हेरॉइन) सोडायला आलेल्या माणसाला ब्युप्रेनॉर्फिन हे औषध देतात. त्याबद्दल पहिली तक्रार ठरलेली असते: "गोळी घेतली आणि टर्की (नशा तुटल्यावरचा त्रास) उलट वाढली." गोळी बनावट नसते, ती लवकर घेतलेली असते.

मेंदूतल्या पेशींवर 'म्यू' नावाचे रिसेप्टर, म्हणजे औषधं जिथे बसतात त्या जागा, असतात. हेरॉइन, मॉर्फिन, मेथाडोन तिथे बसतात आणि पूर्ण जोर लावतात. ब्युप्रेनॉर्फिनही तिथेच बसतं, पण जोर अर्धवट लावतं. त्याची पकड मात्र इतकी घट्ट, की आधी बसलेल्या हेरॉइनला ते उठवून जागा घेतं. अंगात गर्द असताना गोळी घेतली तर पूर्ण जोर अचानक अर्ध्यावर येतो. मग तासा-दीड तासात घाम, उलट्या, जुलाब, तगमग सुरू होते. अशा वेळी घाबरून वर गर्द ओढला तरी फारसं काही होत नाही, कारण जागा भरलेली असते.

म्हणून पहिला डोस डॉक्टरांसमोर आणि टर्की नीट सुरू झाल्यावरच. शेवटच्या गर्दनंतर किमान १२ तास, बऱ्याच जणांना २४ तासही थांबावं लागतं. मेथाडोन अंगात जास्त काळ टिकतं, त्यामुळे तिथे दोन-तीन दिवस लागू शकतात. पण घड्याळापेक्षा अंगाकडे बघा: डोळ्यांच्या मोठ्या झालेल्या बाहुल्या, जांभया, वाहणारं नाक, अंगावर काटा, पोटात मुरडा. ही बरीचशी मेंदूच्या देठातल्या लोकस सेरुलिअस या केंद्राची करामत. अफू गटातल्या द्रव्यांनी ते दाबून ठेवलेलं असतं. दाब गेला की तिथून नॉरअ‍ॅड्रिनॅलिन या अंगाला उत्तेजित करणाऱ्या रसायनाचा पूर येतो. पहिल्या डोसला या खुणा दिसायलाच हव्यात. फक्त "बेचैनी वाटतेय" एवढ्यावर गोळी मागू नका. शेवटचा गर्द कधी ओढला, याबद्दल डॉक्टरांशी खोटं बोललात तर त्याचा त्रास तुम्हालाच होईल.

सुरुवात साधारण २ ते ४ मिलिग्रॅमने होते. तास-दोन तासांनी तपासून पुढचा डोस, आणि पहिल्या दिवशी एकूण बहुधा ८ पर्यंत. नंतर बरेच जण ८ ते १६ मिलिग्रॅमवर स्थिरावतात. घरच्यांना वाटतं, डोस जितका कमी तितकं बरं. तसं नाही. मेंदूच्या स्कॅनवर केलेल्या मोजणीत २ मिलिग्रॅमने म्यू रिसेप्टरांपैकी सुमारे ४० टक्केच भरलेले दिसले, तर १६ ला ८० च्या आसपास. उरलेल्या जागा मोकळ्या राहिल्या की तलफ येते आणि गर्दची किकही बसते. डोस अपुरा ठेवून "औषध लागू पडत नाही" म्हणणं हा नेहमीचा घोळ.

आता तोंडाचं. यात सगळ्यात जास्त औषध वाया जातं. ही गोळी गिळायची नाही. गिळली तर पोटातून यकृतात जाते आणि रक्तात पोचण्याआधीच बरीचशी मोडली जाते. जिभेखालच्या त्वचेतून ती थेट रक्तात शिरते. तंबाखूचा बार, मिश्री, गुटखा आधी काढून टाका आणि चूळ भरा. नाहीतर पिंकेबरोबर औषधही थुंकलं जाईल. तोंड कोरडं असेल तर घोटभर पाणी प्या. मग गोळी जिभेखाली ठेवून ५ ते १० मिनिटं बोलणं नाही, चहा नाही, बिडी नाही, सारखी लाळ गिळणं नाही. सरकारी ओएसटी केंद्रात (गर्दऐवजी औषध देणाऱ्या उपचार केंद्रात) ती बहुधा कुटून पूड करून देतात, त्यामुळे लवकर विरघळते. पूर्ण विरघळल्यावर पाण्याने तोंड खळखळून ते पाणी गिळा. दात तासाभराने घासा, कारण या औषधाने दात किडल्याच्या नोंदी आहेत.

काही गोळ्यांत नॅलोक्सोन हे अफू गटातल्या द्रव्यांचा असर तोडणारं औषधही असतं: २ मिलिग्रॅमला ०.५. जिभेखालून ते फारसं शोषलं जात नाही, त्यामुळे नीट घेणाऱ्याला ते जाणवत नाही. गोळी विरघळवून सुईने टोचली की मात्र टर्की आणतं.

श्वासाचं केंद्रही मेंदूच्या देठातच आहे. अर्धवट जोरामुळे ब्युप्रेनॉर्फिन ते एका मर्यादेपलीकडे सहसा दाबत नाही. मेथाडोनला अशी मर्यादा नाही. पण सोबत दारू किंवा बटन, म्हणजे नायट्राझेपामसारख्या झोपेच्या गोळ्या घेतल्या की ही मर्यादा कामाची राहत नाही. त्या वेगळ्या वाटेने त्याच केंद्राला झोपवतात. घोरणं खोल गेलं, ओठ निळे पडले, हाक मारून जाग येत नाही, तर १०८ ला फोन करा, कुशीवर वळवा. श्वास थांबला असेल तर तोंडाने श्वास द्या. नॅलोक्सोनचं इंजेक्शन लागलं तर नेहमीपेक्षा जास्त द्यावं लागू शकतं, पुन्हा तीच घट्ट पकड.

क्षयरोगाचं रिफाम्पिसिन सुरू झालं की यकृत हे औषध झपाट्याने मोडतं आणि नीट डोस घेणाऱ्यालाही टर्की लागते. दोन्ही डॉक्टरांना एकमेकांची औषधं सांगा. ऑपरेशनच्या आधी भूलतज्ज्ञालाही सांगा.

बद्धकोष्ठता बऱ्याच जणांना होते, कारण आतड्यांतही हेच रिसेप्टर असतात. भरपूर पाणी, पालेभाज्या. नाही जमलं तर डॉक्टरांकडून रेचक.

एखादा डोस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊ नका. बरेच दिवस खंड पडला असेल तर केंद्रात सांगून नव्याने सुरुवात करा. औषध बंद करायचं झालं तर महिनोन्‌महिने हळूहळू कमी करत. गोळी सुटल्यावर किंवा तुरुंगातून बाहेर आल्यावर अंगाची सवय मोडलेली असते. तेव्हा जुन्या मापाने घेतलेला गर्द जीव घेतो. केंद्र माहीत नसेल तर १४४४६ हा व्यसनमुक्तीचा मोफत सरकारी क्रमांक आहे.

घरी गोळ्या मिळत असतील तर कुलपात ठेवा. लहान मुलाचा श्वास एका गोळीनेही थांबू शकतो. तोंडात गेल्याचा नुसता संशय असला तरी पोर खेळताना दिसलं म्हणून घरी थांबू नका. असर उशिरा येतो आणि टिकतो. गोळीचं पाकीट सोबत घेऊन थेट रुग्णालय गाठा.