कार्टिंगमध्ये आधी ब्रेक, मग वेग

कारचं लर्निंग लायसन्स १८ वर्षांशिवाय मिळत नाही. तोवर मुलांना वेगाची हौस भागवायची तर कार्टिंगचा, म्हणजे छोट्या उघड्या रेसिंग गाड्यांचा, ट्रॅकच बरा. पण पहिल्या फेऱ्यांत घड्याळ बघूच देऊ नका, फक्त ब्रेक शिकवा.

भाड्याच्या बहुतेक कार्टमध्ये ब्रेक मागच्या चाकांनाच असतो. वळणात ब्रेक दाबला की वजन पुढे सरकतं, मागचे टायर हलके होतात आणि कार्ट गर्रकन फिरते. म्हणून वळणाआधी, स्टिअरिंग सरळ असतानाच जोरात ब्रेक. मग पाय उचलून वळवायचं. वळण उलगडू लागलं की ॲक्सिलरेटर. ब्रेक कुठे दाबायचा त्याची खूण ठरवून द्या, कडेचा एखादा टायर चालेल. सुरुवातीला खूण मुद्दाम वळणापासून लांबची घ्या, मग हातभर-हातभर पुढे सरकवा.

डावा पाय ब्रेकवर, उजवा ॲक्सिलरेटरवर; दोन्ही एकदम नाही. पुढची चाकं घसरली की पोरं स्टिअरिंग आणखी पिळतात. उलट थोडं सैल सोडायचं, पकड परत येते.

आणि हो, ओढणी, मफलर काढून ठेवा, लांब केस हेल्मेटमध्ये किंवा कपड्यांच्या आत. फिरत्या ॲक्सलमध्ये (चाकं जोडणाऱ्या दांड्यात) अडकले तर जिवावर बेततं.