जुन्या साड्या विकून देणगी उभी करायची आहे? मग आधी ही तयारी

कपाट उघडण्याआधी कागद घ्या आणि दोनच गोष्टी लिहा: पैसे कोणाला द्यायचे आणि किती. "गरजूंसाठी" एवढ्याने भागत नाही. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर "समाजकार्यासाठी साड्या द्या" असा निरोप टाकला तर वीस जणी हात जोडल्याची चित्रं पाठवतात आणि विषय तिथेच संपतो. तेच "अमुक वसतिगृहातल्या मुलींच्या वह्या-पुस्तकांसाठी 60,000 रुपये" असं लिहिलं की दुसऱ्या दिवशी दारात पिशव्या यायला लागतात. आकडा ठरला की त्यातून मालाचाही हिशेब निघतो. एक नग सरासरी 200 रुपयांना गेला, तर 300 नग विकले जायला हवेत. मांडलेल्यातला निम्मा माल उरतो असं धरून चाललं, तर 600 नग गोळा करायचे. एका घरातून दहा-बारा धड नग निघाले तरी डोक्यावरून पाणी, म्हणजे पन्नास-साठ घरं हवीत. एका इमारतीत तेवढी नसतील तर शेजारच्या सोसायटीला आत्ताच सामील करून घ्या. विक्रीच्या आठवड्यात कोणी कोणाचं ऐकत नाही.

मुहूर्ताचं म्हणाल तर माझं मत पक्कं आहे: गणपती उठले की कपडे गोळा करायला लागायचं आणि घटस्थापनेच्या आधीच्या रविवारी विक्री लावायची. नवरात्राचे नऊ रंग तोवर वर्तमानपत्रांतून आणि ग्रुपांवरून सगळ्यांच्या हातात आलेले असतात आणि ऑफिसला जाणारी प्रत्येक बाई एखाद्या रंगापाशी अडलेली असते. नव्या साडीला दोन-तीन हजार घालण्यापेक्षा 250 रुपयांत त्या दिवसापुरती सोय झाली तर कोणाला नको आहे? "अहो, पण तो पितृपक्ष!" असं कोणीतरी म्हणणारच. त्यांना शांतपणे सांगायचं, की पितृपक्षात नवीन वस्त्र घेत नाहीत ना, मग यात नवीन एकही नाही. शिवाय दानाला हा पंधरवडा चांगलाच. तरीही ज्यांना पटत नाही त्यांनी पुढे दिवाळीच्या साफसफाईच्या वेळचा रविवार धरावा. तेव्हा कपडे जास्त येतात, गिऱ्हाईक मात्र नव्या खरेदीच्या मागे असतं.

आता कपाट. सगळं बाहेर काढून पलंगावर टाका, एकेक कप्पा करत बसू नका. प्रत्येक कपडा हातात घेऊन एकच प्रश्न विचारायचा: हा मी पैसे देऊन घेईन का? हो असेल तर विक्रीला. घेणार नाही, पण फुकट मिळाला तर आनंदाने घालीन, असा असेल तर देणगीच्या गठ्ठ्यात. फुकटही नको असेल तर तो फडकं होण्याच्या लायकीचा आहे, त्याला फडक्यांतच जाऊ द्या. या तीन ढिगांची सरमिसळ झाली की विक्रीची रया जाते. टेबलावर बोळा झालेली एक लेगिंग दिसली तर शेजारच्या टसरलाही लोक जुनेरच समजतात. आतले कपडे, मोजे, ताणलेले टी-शर्ट घेणार नाही हे निरोपातच स्पष्ट लिहा. संकोच करू नका. मुलांचे सणाचे कपडे मात्र आवर्जून मागा. गॅदरिंगला एकदाच घातलेली शिवलेली नऊवारी, एका लग्नापुरती घेतलेली शेरवानी, उंची वाढल्यामुळे बाद झालेलं जाकीट हे हातोहात जातं.

साड्यांना जास्त वेळ ठेवा, कारण खरा पैसा तिथे आहे. रेशमी साडी वर्षानुवर्षं एकाच घडीत पडून राहिली की त्या रेषेवर विरते. वरून काही कळत नाही. खिडकीपाशी दोघींनी दोन टोकं धरून ती उजेडासमोर पसरा आणि घड्यांच्या रेषा बघत पदरापासून निऱ्यांपर्यंत या. विरलेल्या जागी उजेड सुईच्या टोकांएवढ्या ठिपक्यांनी आत येतो. अशी साडी नेसायला विकायची नाही. नेसणारीने जिना चढताना पाऊल वर घेतलं की ती फाटणार आणि नाव तुमचं खराब होणार. तिचे काठ आणि पदर चांगले असतील तर "शिवणकामासाठी" असा वेगळा ढीग करा. कुशनचे अभ्रे, बटवे, परकर-पोलकं शिवणाऱ्या बायका तो अख्खा उचलतात. फॉल उसवला असेल तर दोन टाके घाला. ब्लाउजपीस न कापलेला असेल तर तो साडीच्या घडीतच पिनेने लावून ठेवा, त्याने किंमत चढते. शिवलेलं ब्लाउज दुसऱ्या कोणाला बसेल याचा नेम नाही, त्यामुळे ते साडीसोबत फुकट द्यायचं.

जरीच्या बाबतीत घाई नको. आजीच्या वेळच्या जड काठाच्या साडीत खरी जर असू शकते, म्हणजे सोन्याचं पाणी दिलेली चांदीची तार. अलीकडच्या बहुतेक साड्यांत तांब्यावर मुलामा दिलेली किंवा सरळ प्लॅस्टिकची जर असते. पदराच्या टोकाचा एक सुटा धागा काढून ज्योतीजवळ धरा. प्लॅस्टिकची असेल तर वितळून आकसते. खरवडल्यावर लालसर तांबं दिसलं तर तीही साधीच. पांढरी चांदी चमकली तर ती साडी टेबलावर मांडायचीच नाही. आधी जुनी जर विकत घेणाऱ्या दोन वेगवेगळ्या दुकानांत दाखवा आणि दोघांचे भाव घ्या. एकाच दुकानात विचारून परत येणं म्हणजे त्याच्याच तोंडचा भाव मान्य करणं. मग साडी ज्यांची आहे त्यांना आकडा सांगा आणि निर्णय त्यांच्यावर सोडा. कधी कधी आकडा ऐकून त्या साडी परत मागतात. द्यावी.

गेलेल्या माणसाच्या साड्याही येतात, पितृपक्षात तर जास्तच. सुना किंवा मुली पिशवी घेऊन दारात उभ्या राहतात आणि पिशवी सोडत नाहीत. त्यांना आत बसवा, चहा द्या, त्यातली एखादी ठेवायची असेल तर निवडू द्या. अशा साडीवर देणाऱ्याचं नाव कधीही लावायचं नाही. तसं तर कोणत्याच कपड्यावर नाव नको. वहीत नाव आणि क्रमांक, चिठ्ठीवर फक्त क्रमांक. "ही जोशीकाकूंची ना?" या प्रश्नाने विक्री अडते, हे आमच्या मंडळातल्या प्रत्येकीला ठाऊक आहे.

डांबरगोळ्यांचा वास हा या सगळ्या उद्योगातला खरा शत्रू. अत्तर फवारून तो जात नाही, उलट दोन वास मिळून तिसराच तयार होतो. साड्या घडी मोडून सावलीत, वारा लागेल अशा दोरीवर तीन-चार दिवस टाका. रेशीम थेट उन्हात घालू नका, रंग उडतो. पावसाळ्यात बुरशीचे ठिपके आलेले सुती कपडे धुऊन उन्हात वाळवा, पण रेशमावर घरगुती प्रयोग नकोत. सगळ्या पर्सचे कप्पे आणि पँटचे खिसे उलटे करून बघा. नोटा सापडतात, कानातलं सापडतं, औषधाची चिठ्ठी सापडते. सापडलेलं ज्याचं त्याला.

किमती लावताना देणाऱ्याला विचारायचं नाही, हा नियम कडक ठेवा. तिच्या डोक्यात दुकानातली मूळ किंमत असते आणि तिच्या बहिणीच्या लग्नाची आठवण असते. गिऱ्हाइकाला दोन्हीशी देणंघेणं नाही. तसाच नवा कपडा आज कितीला मिळतो त्याच्या साधारण चौथाई, त्याहून वर जाऊ नका. 100, 200 आणि 500 अशी तीन टेबलं आणि भारी साड्यांचं एक वेगळं, तिथे प्रत्येकीला स्वतंत्र चिठ्ठी आणि मागे एक खमकी बाई. साड्या रंगाप्रमाणे मांडा, प्रकाराप्रमाणे नाही. राखाडी साडी कोणाच्याच कपाटात नसते आणि त्या वर्षीच्या यादीत राखाडी आलाच, तर त्या सगळ्यात पुढे ठेवा, थोडी किंमत वाढवूनसुद्धा. घासाघीस होणारच, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. दुपारपर्यंत भाव पक्का, शेवटच्या तासात निम्मा, अशी पाटीच लावा. आरसा मात्र पूर्ण उंचीचा हवा. आरसा नसेल तर अर्ध्या बायका "घरी दाखवून येते" म्हणतात आणि येत नाहीत.

पैशाची बाजू आधी बांधून घ्या, नंतर वाद होतात. उत्तम म्हणजे संस्थेचाच क्यूआर कोड टेबलावर ठेवायचा, रक्कम थेट त्यांच्या खात्यात. कोणा एकीच्या खात्यात सगळं जमा करून मग तिने चेक दिला, तर पावती तिच्या एकटीच्या नावाने येते आणि पुढे वर्षभर कुजबुज चालते. करसवलतीबद्दल कोणालाही खोटी आशा लावू नका. आपण 80जी म्हणून ओळखतो ती सवलत पैशांच्या देणगीला असते, कपड्यांना नाही; रोख रक्कम 2,000 रुपयांच्या वर असेल तर तीही मिळत नाही. साडी विकत घेणारीने देणगी दिलेली नाही, तिने साडी घेतली आहे. ज्यांना वरून रक्कम द्यायची असेल त्यांनी ती वेगळी, संस्थेच्या खात्यात भरावी आणि आपल्या नावाची पावती मागून घ्यावी. रोखीसाठी दहा, वीस आणि पन्नासच्या सुट्या नोटा आदल्या दिवशी आणून ठेवा. गल्ल्यावर दोघी, संध्याकाळी मोजायलाही दोघी, आणि त्या एकाच घरातल्या नकोत. हॉलसाठी कमिटीची लेखी परवानगी घ्या, तोंडी होकार रविवारी सकाळी कोणाला आठवत नाही.

उरलेल्या मालाची व्यवस्था विक्रीच्या आधीच लागलेली हवी, नाहीतर तीनशे कपडे कोणाच्या तरी बेडरूममध्ये दिवाळीपर्यंत राहतात. देणगीच्या लायकीचे कपडे धुऊन, घड्या घालून, बायका-पुरुष-मुलं असे वेगळे बांधा. 2004च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या किनाऱ्यावर मदत म्हणून आलेल्या नको त्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून होते. मच्छीमार बायकांना कामाचं त्यात फार थोडं होतं. अंशू गुप्ता यांनी 1999मध्ये सुरू केलेल्या 'गूंज'सारख्या संस्था कपडे नीट वेगळे करून मागतात ते म्हणूनच. जुनं मऊ सुती कापड तिथे वाया जात नाही, त्याचे पाळीसाठीचे पॅड होतात. जवळचं केंद्र कोणतं आणि ते त्या आठवड्यात काय घेतंय हे फोन करून विचारा, न विचारता गोण्या नेऊन टाकू नका. मऊ सुती साड्यांवर गोधड्या शिवणाऱ्या बायकांचाही डोळा असतो. तुमच्या भागात कोणी असेल तर पहिला मान तिचा. सिंथेटिक साड्या आणि पँटी बोहारीण घेईल, पण बदल्यात येणारी पातेली कोणाची, हे आधी ठरवा. आमच्याकडे ती सोसायटीच्या भोंडल्याच्या खिरापतीसाठी ठेवली जातात. राहिलेली फडकी कोपऱ्यावरच्या गॅरेजला.

टेंपोवाल्याला सोमवारी सकाळी नऊची वेळ द्या, आठची दिली तर तो दहाला येतो आणि नऊची दिली तरी दहालाच. त्याच दिवशी नोटीसबोर्डावर हिशेब लावा: नग किती आले, किती गेले, रक्कम किती, पावती क्रमांक काय, उरलेलं कुठे गेलं. वॉचमनला आदल्या रात्रीच सांगून ठेवा, की सोमवारनंतर कोणी पिशवी आणून दिली तर घ्यायची नाही.