सहा नंबरचा खेळाडू कोच होतो तेव्हा: या चुका टाळा

पिंपरीच्या हेडगेवार मैदानापासून बालेवाडीपर्यंत फुटबॉलची कुठलीही मॅच बघा. स्टॉपरच्या (मधल्या डिफेंडरच्या) पुढ्यात खेळणारा पोरगा, म्हणजे आपला सहा नंबर, बचाव सांभाळणारा मिडफिल्डर, बॉल जिथे जाईल तिथे धावताना दिसेल. लोक म्हणतात, काय मेहनत करतोय! मीही अनेक वर्षं तसाच खेळलो आणि कौतुकाने खूश झालो. पण तो बॉलमागे विंगला गेला की मधली जागा ओस पडते आणि समोरच्यांचा दहा नंबर, म्हणजे त्यांचा हल्ला रचणारा मिडफिल्डर, तिथेच बॉल घेऊन गोलकडे वळतो. आपला स्टॉपर वारंवार पुढे खेचला जात असेल, तर स्टॉपरला ओरडू नका, सहा नंबर कुठे उभा आहे ते बघा. विंगला जवळच्या मिडफिल्डरला जाऊ द्या, सहाने फक्त चार-पाच पावलं त्या बाजूला सरकायचं.

दुसरी चूक स्लाइड टॅकलची. आपल्या मुरमाच्या मैदानांवर मांडी सोलून निघते ते वेगळंच. दहाव्या मिनिटाला पिवळं कार्ड मिळालं, तर उरलेली ऐंशी मिनिटं हात बांधून खेळावं लागतं.

बॉल पायात येण्याआधी दोन्ही खांद्यांवरून मागे नजर टाका. नंतर टाकून उपयोग नाही.

कोचिंगमधली चूक मला जास्त सलते, कारण ती लहान मुलांना भोगावी लागते. सहा नंबरला मैदानाचा बराच भाग समोर दिसतो, मॅचभर बोलायची सवय असते. तोच माणूस कोच म्हणून टचलाइनवर आला की पूर्ण वेळ सूचना देतो: ‘पास दे’, ‘मागे ये’, ‘मॅन ऑन!’ (मागून माणूस येतोय!) मग मुलं मैदानाऐवजी कोचकडे बघायला लागतात. बारा वर्षांच्या मुलाला तुमचे डोळे उसने देता येत नाहीत.

खेळलोय म्हणजे शिकवता येईल, या भरवशावर थेट सीनियर टीम घेऊ नका. फ्रान्सचा सहा नंबर दिदिए देशाँ २००१ मध्ये निवृत्त होऊन लगेच मोनॅकोचे कोच झाले, हे खरं. पण स्पेनचा सहा नंबर शाबी आलोन्सोने रेआल माद्रिदची लहान मुलं शिकवली, मग रेआल सोसिएदादच्या ‘ब’ संघाबरोबर तीन वर्षं काढली. त्यानंतर जर्मनीतला लेव्हरकुसेन क्लब हाती घेतला आणि २०२३-२४ मध्ये एकही सामना न हरता बुंडेसलीगा, म्हणजे तिथली मुख्य लीग, जिंकली. बार्सिलोनात याच जागी खेळलेल्या ग्वार्डिओलानेही बार्सिलोनाचा ‘ब’ संघ आधी सांभाळला. आपल्याकडे कोचिंगच्या डी लायसन्सपासून सुरुवात करा, त्यावरच्या सी-बीची घाई नको. मधल्या काळात तेरा वर्षांखालची एक टीम पूर्ण सीझन सांभाळा.

सरावात मी आता खेळ मध्येच थांबवतो. सगळे जागच्या जागी उभे. सहा नंबरला डोळे मिटायला लावून विचारतो, ‘तुझ्या पाठीमागे कोण आहे?’ उत्तर चुकलं तर रागवत नाही. त्याच जागेवरून तोच पास पुन्हा देतो.